फितुरीचे हिशेबनीस

मराठेशाही कुणी बुडवली, हा प्रश्न आप्पांना विचारू नये. विचारायचाच झाला तर निदान गॅसवर दूध ठेवून विचारू नये. आप्पा उत्तर देत नाहीत, आधी साल विचारतात. “कोणत्या साली बुडाली म्हणता?” आपण शाळेच्या पुस्तकाला स्मरून १८१८ म्हणतो. आप्पा डोळे मिटून घेतात. आपण घाईघाईनं १७६१ वर येतो. आता ते डोळे उघडतात आणि हा मनुष्य दहावी झाला तरी कसा, अशा नजरेनं आपल्याकडे पाहतात. “१७०७ पासून धरा,” ते म्हणतात. “शाहूमहाराज मोगलांच्या छावणीतून सुटून आले. ताराराणींनी सांगितलं, हा तोतया आहे. ऑक्टोबरात खेडला चुलती-पुतण्याची लढाई झाली. बसा.”

त्या ‘बसा’नंतर माणूस उठतो तो थेट जेवायलाच, आणि तेही काकूंनी आतून दोनदा भांडी वाजवल्यावर.

आप्पांसारखा एक तरी इसम पुण्याच्या प्रत्येक पेठेत सापडतो. साताऱ्याला, मिरजेला, धुळ्याला, बडोद्यालाही सापडावा. नोकरीत असताना हे लोक बँकेत, पाटबंधाऱ्यात नाहीतर शाळाखात्यात असतात. निवृत्तीच्या दिवशी मिळालेली शाल अंगावर असतानाच ते मोडीच्या वर्गात नाव घालतात. आमचे आप्पा बँकेत हिशेबतपासनीस होते. दुसऱ्यानं केलेल्या बेरजेत खोट काढण्यात जन्म गेला, तेव्हा निवृत्तीनंतर अठराव्या शतकाकडे वळणं ओघानंच आलं.

इतिहासातलं सगळंच त्यांना चालतं असं नाही. १७५८ साली मराठे अटकेपर्यंत गेले, याचा त्यांना आनंद आहे, पण बेताचाच. कुणी फार वेळ अटकेपार राहू लागलं की ते म्हणतात, “ते झेंड्याचं राहू द्या. मोहिमेचं कर्ज किती झालं ते बोला.” स्वाऱ्या, विजय, दिंडी दरवाजे, तोफांची नावं हे सारं त्यांनी दुसऱ्यांसाठी सोडलं आहे. त्यांचं क्षेत्र एकच. आपसांतली भांडणं. चुलत्यानं पुतण्याला कधी कोंडलं, कोणत्या सरदारानं कोणाची रसद कुठं अडवली, गादीच्या वारसाविषयी कोणी कोणत्या देवापुढं शपथ घेतली, याची त्यांच्याकडं टाचणं आहेत. बुटांच्या खोक्यांत घातलेली ही टाचणं दिवाणाखाली असतात. एका खोक्यावर ‘शिंदे-होळकर’ असं लिहिलं आहे आणि त्याला दोरी बांधली आहे, कारण ते आता मिटत नाही.

ताराराणींवर त्यांची विशेष भक्ती. सात वर्षं औरंगजेबाशी झुंजलेल्या बाईबद्दल असावी तशी ती आहेच, पण आप्पांना कौतुक वाटतं ते निराळ्या गोष्टीचं. १७०७ मध्ये त्यांनी पुतण्याला तोतया ठरवलं. पुढं शाहूमहाराज गेल्यावर नातू म्हणून ज्यांना स्वतः पुढं आणलं, त्या रामराजांना नोव्हेंबर १७५० मध्ये साताऱ्याच्या किल्ल्यात अडकवलं आणि सांगितलं, हाही खरा नातू नव्हे. १७५२ मध्ये जेजुरीच्या खंडोबापुढं तशी शपथसुद्धा वाहिली. “सातत्य पाहा!” आप्पा म्हणतात. “त्रेचाळीस वर्षं एकच मुद्दा. आपल्याकडच्या कोणत्या पुढाऱ्याचं त्रेचाळीस दिवस टिकतं?”

हे झालं घरातलं. संशोधक म्हणून आप्पा खरे दिसतात ते पेशवे दप्तरात. सकाळी दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून, खिशात भिंग आणि कानटोपी अशा सरंजामानिशी ते निघतात. कानटोपी मे महिन्यातही असते, तिचं कारण पंखा. दप्तरात कागद बांधलेले असतात रुमालांत, म्हणजे चौकोनी फडक्यांत. गाठ सोडताना आप्पा तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटतात. मला ते स्तोत्र वाटलं होतं. नंतर कळलं, मागच्या वेळी ही गाठ कुणी निराळी मारली, याबद्दलचा तो उद्गार असतो. मग कागद उलगडतो. दोनशे वर्षांपूर्वी शाई टिपायला टाकलेली वाळू कधीकधी घडीतून टेबलावर पडते. आप्पा ती फुंकत नाहीत. तळहाताच्या कडेनं हलकेच गोळा करून परत घडीत सारतात. घरी पोह्यावरची शेव सदऱ्यावर सांडली तर मात्र ती तिथंच राहते.

मोडी वाचताना त्यांचे ओठ हलतात. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत. आधी ओळभर रेघ मारायची आणि बोरू न उचलता अक्षरं लोंबकळत ठेवायची, अशी ती लिपी. ऱ्हस्व-दीर्घाची फिकीर नाही, स्वल्पविराम-पूर्णविराम नाहीत. म्हणजे कुठं थांबायचं हे वाचणाऱ्यानं ठरवायचं. आप्पांच्या आयुष्यातली मोठी दुफळी या व्यवस्थेतूनच निघाली. बारभाईंच्या, म्हणजे रघुनाथरावांविरुद्ध एक झालेल्या कारभाऱ्यांच्या, काळातल्या एका पत्रात एक ‘न’ आहे. तो मागच्या क्रियापदाला जोडला तर रघुनाथरावांच्या माणसाला पैसे द्यायचे नव्हते असं होतं. पुढच्याला जोडला तर पैसे दिले नाहीत तर बोभाटा होईल, म्हणून द्या, असं होतं. आप्पांनी तो पुढं जोडला. शेजारच्या पेठेत राहणाऱ्या नानांनी तो मागं जोडला. तोवर दोघं एकाच स्कूटरवरून दप्तरात जात असत. त्या ‘न’पासून स्कूटर नानांकडं आणि पेट्रोलच्या हिशेबाची वही आप्पांकडं, अशी वाटणी झाली.

नाना हे त्यांचं खरं घरगुती नाव, त्याला माझा इलाज नाही. पण त्यामुळं काकूंची पंचाईत होते. आप्पा जेवताना एकदम हात थांबवून म्हणतात, “नानांनी घात केला.” काकू वरणाचा डाव हातात धरून विचारतात, “इथल्या की मेणवलीच्या?” इथल्या असतील तर तूप वाढायचं नाही, कारण रक्तदाब चढलेला असतो. मेणवलीच्या, म्हणजे फडणीसांच्या, असतील तर वाढायला हरकत नसते. ते दुःख जुनं आहे.

संशोधकांच्या भांडणाला घराणं आहे, असं आप्पा अभिमानानं सांगतात. ग्रँट डफनं १८२६ मध्ये मराठ्यांचा इतिहास इंग्रजीत छापला, तर त्यातल्या चुका काढायला नीळकंठ जनार्दन कीर्तने हा कॉलेजातला पोरगा पुढं सरसावला. वि. का. राजवाड्यांनी इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड काढले आणि प्रस्तावनांतून एकेकाचा समाचार घेतला. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं करण्यात ते पुढं होते आणि अखेरीस राहिले धुळ्याला. रियासतकार सरदेसायांनी पेशवे दप्तरातून निवडक कागदांचे पंचेचाळीस भाग काढले, तेव्हा ते काम आपल्याला डावलून दिलं म्हणून पुण्यातले काही विद्वान नाराज होते. हे सांगताना आप्पांचा आवाज असा लागतो की जणू कुळातल्या सोयरिका सांगताहेत. माझं मत विचाराल तर या माणसांनी भांडता भांडता इतके कागद वाळवीच्या तोंडून सोडवले, की गुण्यागोविंदानं राहिले असते तर निम्मेही हाती लागले नसते. समोरच्याला खोटं पाडायला नवा पुरावा लागतो, आणि त्यासाठी कुणाच्या तरी माळ्यावर चढावं लागतं.

आप्पांचं सार्वजनिक रूप म्हणजे व्याख्यान. वर्षातून एकदोनदा कुठल्या तरी व्याख्यानमालेत त्यांना बोलावतात. ठरलेला वक्ता आयत्या वेळी आजारी पडला की बोलावतात, असं नानांचं म्हणणं. विषय ठरलेला : ‘मराठी राज्यातील अंतःकलह’. व्याख्यानापेक्षा नंतरची प्रश्नोत्तरं पाहण्यासारखी. हात वर करणाऱ्यानं आपलं नाव-गाव सांगितलं की आप्पा प्रश्न मनाशी ओळखून मोकळे होतात. इंदूरकडून आलेला गृहस्थ विचारणार, मल्हाररावांनी पानिपतावरून पाय काढला असं तुम्ही म्हणताच कसं? ग्वाल्हेरकडचा म्हणणार, आमच्या दत्ताजींनी बुराडी घाटावर प्राण दिले, तेव्हा बाकीचे कुठं होते? कोल्हापूरचा साताऱ्याची चौकशी करतो, साताऱ्याचा पुण्याची. आणि मागच्या रांगेतल्या एका बाई उठून आनंदीबाईंनी ‘ध’चा ‘मा’ केला तेव्हा शाई कोणत्या रंगाची होती असं विचारतात. यावर आप्पांचं उत्तर पाठ आहे. “ते पत्र आणून दाखवा, रंग मी सांगतो.” नारायणराव ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात मारले गेले, रामशास्त्र्यांनी रघुनाथरावांना दोषी धरलं, इथवर ते येतात. पुढचं नाटकवाल्यांचं, असं म्हणून पाण्याचा पेला उचलतात.

प्रत्येकाला खलनायक हवा असतो, फक्त तो आपल्या पाहुण्यारावळ्यांतला नको. आप्पांची गंमत अशी, की ते खलनायक पुरवतच नाहीत. लोक फितूर मागतात आणि हा माणूस हिशेब काढून देतो. रघुनाथरावांचंच घ्या. नोव्हेंबर १७६२ मध्ये त्यांनी निजामाची मदत घेऊन आळेगावला पुतण्या माधवरावांना हरवलं. ऑगस्ट १७६३ मध्ये त्याच पुतण्याला बरोबर घेऊन त्याच निजामाला राक्षसभुवनला हरवलं. मध्ये जेमतेम नऊ महिने. “यात फितुरी कोणत्या महिन्यात धरायची?” आप्पा सभेला विचारतात. “धरलीत तर मग ऑगस्टातल्या पराक्रमाचं काय करायचं? वजा?” सभा गप्प. त्यांना घरी जाऊन सांगण्यासारखं एक नाव पाहिजे होतं, ते मिळालेलं नसतं.

मग येतो आप्पांचा आवडता सिद्धांत. तो व्याख्यानात निम्म्या लोकांना झोप आणतो, म्हणून ते तो चहाच्या दुकानात समजावतात. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथांनी दिल्लीहून चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा आणल्या. सरदेशमुखी दहा टक्के, ती आधी बाजूला काढायची. ती महाराजांची, तिच्यात कुणी हात घालायचा नाही. उरली चौथाई. तिच्यातले पंचवीस टक्के बाबती, म्हणजे राजाकडं. सहा टक्के सहोत्रा, तो पंत सचिवांचा. तीन टक्के नाडगौंडा, महाराज मर्जीनं देतील त्याला. आणि राहिलेले सहासष्ट टक्के मोकासा, तो सरदारांचा, त्यावर फौज ठेवायची. शिवाय हे वाटे एकेकाला सलग मुलूख तोडून दिलेले नसत. याचा इथं, त्याचा तिथं, एकाच परगण्यात तिघाचौघांचे कारकून वसुलीला यायचे. “का?” आप्पा टेबलावर बोट आपटतात. “कुणी एकट्यानं तुटून निघू नये म्हणून! राज्य एकत्र राहावं म्हणूनच भांडणाची सोय करून ठेवली होती. आणि तुम्ही म्हणता, स्वभावदोष.”

इथं मला त्यांचं पटतं. मात्र हाच सिद्धांत ते बिलालाही लावतात. चौघांच्या चहाचे ८० रुपये झाले. बाबती २०, ती ज्येष्ठ सभासदाकडं. सहोत्रा ४ रुपये ८० पैसे. नाडगौंडा २ रुपये ४० पैसे. मोकासा ५२ रुपये ८० पैसे. आप्पा सहोत्रा स्वतःकडं घेतात, ५ रुपयांचं नाणं ठेवतात आणि २० पैसे माझ्याकडं येणे आहेत अशी आठवण करून देतात. मोकासा नेहमी माझ्याकडं. का, तर नोकरीत असल्यामुळं फौज ठेवण्याची ऐपत फक्त माझी.

हा माणूस हाउसिंग सोसायटीत राहतो, हे सोसायटीचं प्राक्तन. आमच्या दोन विंगांत पार्किंगवरून पेटलं होतं. सेक्रेटरींनी कंटाळून आप्पांना मसुदा करायला सांगितलं. आप्पांनी १३ एप्रिल १७३१ चा वारणेचा तह पुढं ठेवला. सातारा आणि कोल्हापूर या दोन गाद्यांनी वारणा नदी हद्द मानून भांडण मिटवलं, तो तह. आमच्याकडं नदी नव्हती, म्हणून सांडपाण्याच्या नळाला वारणा धरलं. उत्तरेच्या गाड्या उत्तरेला, दक्षिणेच्या दक्षिणेला. एवढ्यावर थांबते तर आप्पा कसले? मूळ तहात एकानं दुसऱ्याचे चाकर आपल्याकडं ठेवू नयेत असं कलम आहे. ते जसंच्या तसं उतरलं. त्यामुळं ‘अ’ विंगेत धुणंभांडी करणाऱ्या मावशींना ‘ब’ विंगेत काम करता येईना. दोन दिवसांत दोन्ही विंगांच्या बायका एकत्र आल्या आणि मसुदा बारगळला. आप्पांनी सेक्रेटरींना चिठ्ठी पाठवली. वर ‘श्री’, मग ‘विज्ञापना ऐसीजे’, मध्ये मजकूर एकच ओळ, की दोन्ही पक्षांची एकजूट घडवून आणल्याचं श्रेय मसुदाकारास मिळावं, आणि शेवटी ‘बहुत काय लिहिणे’. सेक्रेटरींनी ती फाइलला लावली. आवक क्रमांकही टाकला.

३१ डिसेंबरला आमच्या गच्चीवर जेवण असतं. आप्पा येत नाहीत. पहिल्या वर्षी मी बोलवायला गेलो तर दिवा लावून बसले होते. ३१ डिसेंबर १७९७ ला नाना फडणिसांना शिंद्यांच्या छावणीत दग्यानं पकडलं. ३१ डिसेंबर १८०२ ला दुसऱ्या बाजीरावांनी वसईला इंग्रजांशी तह करून राज्याचा कागद त्यांच्या हाती दिला. आणि ३१ डिसेंबर १९२६ ला राजवाडे धुळ्यात वारले. “एवढं सगळं या दिवशी झालेलं असताना माणसानं पावभाजी खायची?” असं त्यांनी मला विचारलं. मी खाली मान घातली. काकूंनी मागच्या दारानं त्यांच्यापुरती पावभाजी मागवली होती, हे मला ठाऊक होतं. पण ती त्यांनी एक तारखेला गरम करून खाल्ली, हेही तितकंच खरं.

एकदा २५ ऑक्टोबरला ते मला रिक्षातून हडपसरला घेऊन गेले. २५ ऑक्टोबर १८०२, ऐन दिवाळीत यशवंतराव होळकरांनी पुण्याबाहेर शिंदे आणि पेशव्यांच्या फौजेचा धुव्वा उडवला, ती जागा दाखवायला. आदल्या साली एप्रिलमध्ये त्यांच्या भावाला, विठोजीला, पुण्यात हत्तीच्या पायी दिलं होतं, हे स्वारगेटपासून पुलगेटपर्यंत सांगून झालं. वानवडीच्या अलीकडं रहदारी तुंबली. पुढं कंपन्यांच्या बसगाड्या, मागं टँकर, मीटर पळतंय. आप्पा रिक्षातून अर्धे बाहेर वाकून हात पसरून दाखवत होते. “तिकडून होळकरांचं घोडदळ. पहिल्यांदा मागं रेटलं गेलं. मग यशवंतराव स्वतः पुढं झाले.” मागच्या टँकरवाल्याला वाटलं, हे वळायचा हात दाखवताहेत. त्यानं शिवी दिली. आप्पांनी ती नोंदवली नाही.

रिक्षावाल्यानं आरशात पाहून विचारलं, “म्हणजे आपलेच आपल्याशी लढले ना काका?”

आप्पा एकदम आत आले. “आपले कोण? शिंद्यांच्या पलटणींवर कॅप्टन डॉज, होळकरांकडं व्हिकर्स. दोन्हीकडं गोरे, दोन्हीकडं पठाण, दोन्हीकडं पगार थकलेला. बाजीरावांनी गादीवर बसण्यासाठी शिंद्यांना दोन कोटी कबूल केले होते. द्यायला नव्हते. मग सर्जेराव घाटग्यांनी १७९८ मध्ये पुण्यातल्या सावकारांच्या वाड्यांत शिरून वसुली केली. शिपायांचा पगार थकला की ते सरदाराच्या तंबूपुढं धरणं धरून बसायचे, त्याला जेवू द्यायचे नाहीत. उपाशी सरदार निष्ठा कुणाशी ठेवणार?”

रिक्षावाला गप्प झाला. मीटरकडं बघून म्हणाला, “कंपनीचा इन्सेंटिव्ह आमचाही दोन महिने आला नाही.” आप्पांनी लगेच खिशातून टाचण काढून त्यावर काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते त्यांनी मला दाखवलं नाही, पण भाडं देताना मोकासा पुन्हा माझ्याकडंच आला.

माणूस असा निर्विकार असेल, कुणालाच दोष देणार नाही, असं वाटू लागलं होतं, तोच गेल्या पावसाळ्यात प्रकरण घडलं. बारभाईंच्या धामधुमीतल्या एका खर्चाच्या यादीत आप्पांना ‘अंतस्थ’ या सदरात एक नाव मिळालं. अंतस्थ म्हणजे दरबारातल्या माणसाला गुपचूप पोचवायची रक्कम. ते सदर पेशव्यांच्या हिशेबात राजरोस असे आणि त्याची बेरीजही बिनचूक असे, हे आप्पांना फार भावतं. नाव एका कारकुनाचं, आडनाव आप्पांचं, गावही त्यांचंच. दुसऱ्या रुमालात तोच इसम त्याच साली रघुनाथरावांच्या पक्षाकडूनही पैसे घेताना सापडला. इतर कुणाचा पूर्वज असता तर आप्पांनी थंडपणे टाचण करून खोक्यात टाकलं असतं. हा त्यांचा मूळपुरुष निघाला. त्या संध्याकाळी ते पेढे घेऊन आमच्याकडं आले.

मी जरा चाचरतच म्हणालो, “पण आप्पा, दोन्हीकडून?”

“उभयपक्षमान्य!” आप्पा म्हणाले. “नुसत्या कुणाला कोण पैसे देतो हो? ६ मार्च १७७५ ला सुरतेचा तह होतो, राज्य पणाला लागलेलं, आणि दोन्ही पक्षांना ज्याच्यावाचून चालत नाही असा हा माणूस!” एवढं बोलून त्यांनी स्वतःच एक पेढा खाल्ला. आपल्या घराण्यात एवढा वजनदार माणूस होऊन गेला आणि आपल्याला बँकेत बढतीसाठी ताटकळावं लागलं, ही सल त्या पेढ्याबरोबर थोडी खाली गेली असावी.

लेख छापून आला. महिन्याभरात नानांचा प्रतिलेख आला. सर्वांना वाटलं, नाना त्या कारकुनाला लाचखाऊ म्हणून झोडपणार. नाना तसलं ढोबळ काम करत नाहीत. त्यांनी आडनावातलं एक अक्षर निराळं वाचून दाखवलं आणि निष्कर्ष काढला, की सदर इसम आप्पांच्या घराण्यातला नसून नानांच्या घराण्यातला आहे. सोबत वंशवृक्ष जोडला होता. आप्पांनी तो लेख उभ्यानं वाचला. काकूंनी विचारायच्या आधीच सांगितलं, “इथले.” तूप बंद झालं.

त्यानंतरचे तीन महिने दप्तरात काम करणाऱ्यांना विसरता येणार नाहीत. एका टेबलाच्या या टोकाला आप्पा, त्या टोकाला नाना. दोघंही एकाच माणसानं पैसे खाल्ल्याचे नवनवे पुरावे काढत होते. आप्पांनी एक शेला शोधला, नानांनी घोडं शोधलं. आप्पांनी चाकणजवळची जमीन आणली, तर नानांनी मोत्यांची कंठी आणली. जितकी लाच जास्त, तितकं कुळ मोठं. त्या बिचाऱ्या कारकुनाला हयातीत मिळालं नसेल एवढं द्रव्य या दोघांनी त्याच्या नावावर जमा केलं. मध्ये लागेल तेव्हा एकमेकांचं भिंगही वापरलं जाई. नानांचं भिंग जर्मन आहे, आणि बाकी काही असलं तरी काच चांगली, हे आप्पांनी कधी नाकारलं नाही.

शेवटी काकूंनीच नानांना घरी चहाला बोलावलं. ‘न’नंतर प्रथमच ते या घरात येत होते. दोघं समोरासमोर बसले, मध्ये दोन्ही रुमालांच्या छायाप्रती. मीही होतो, कारण चहाला मोकासदार लागतो. अक्षर आप्पांचं की नानांचं हे काही ठरेना. भिंग इकडून तिकडं गेलं, खिडकी उघडली, दिवा लावला, दिवा घालवला. काकू ट्रे घेऊन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “एवढा एक पूर्वज तो. दोघांत निम्मा निम्मा घ्या आणि पोहे खा.”

आप्पा आणि नाना दोघांनी एकदमच त्यांच्याकडं पाहिलं. “निम्मा कसा?” आप्पा म्हणाले. नानांनी मान डोलावली आणि खिशातलं पेन काढत म्हणाले, “वहिनी, आधी सरदेशमुखी बाजूला काढावी लागेल.”